फेले मोर कसं नेसायचं

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला पाहुण्यांना हायलँडचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ मुलखाचा, जुना पेहराव नेसवून दाखवायचं काम मी करते. त्यालाच फेले मोर म्हणतात: एकाच लांब कापडाला निऱ्या घालून पट्ट्याने बांधायचं वस्त्र. पहिला प्रश्न ठरलेला: "माझं आडनाव अमुक, माझ्या क्लॅनचं टार्टन कोणतं?" क्लॅन म्हणजे कूळ, टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड. आधी त्याचंच सांगते. गेलिक या हायलँडच्या जुन्या भाषेत 'क्लान' म्हणजे लेकरं. ती नाती जुनी, पण प्रत्येक कुळाचं ठरलेलं टार्टन तेवढं जुनं नाही. 1746 साली कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणारे, ओळखू यायचे ते टार्टनवरून नव्हे, टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून. त्याच वर्षी कायद्याने हा वेश बंद झाला, तो 1782 पर्यंत. 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळांच्या प्रमुखांकडून टार्टनचे नमुने मागवले आणि 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हा तर हौसेला ऊत आला. तेव्हा आवडेल ते कापड घ्या.

कापड लोकरीचं, साडेचार मीटर लांब, दीड मीटर रुंद. जमिनीवर पसरा आणि पट्टा आधी त्याच्याखाली आडवा सरकवा. मी पहिल्यांदा तो विसरले होते. सगळ्या निऱ्या घालून आडवी झाले आणि मग आठवलं! दोन्ही टोकांना पोट झाकेल एवढं कापड मोकळं सोडून मधल्या भागाला पट्ट्याशी काटकोनात निऱ्या घाला. निरी तळहाताएवढी, पुढची तिच्यावर निम्मी चढलेली. घाई केलीत तर मागे गोळा होतो.

आता लांब शर्ट घालून निऱ्यांवर उताणे झोपा. पट्टा कमरेखाली, कापडाची खालची कड गुडघ्यामागे. उजवं टोक पोटावर घ्या, त्यावर डावं, आणि बक्कल आवळा. (चिखलपावसात रोज कुणी असं लोळत असेल, हे मला पटत नाही.)

उठलात की वरचं कापड पट्ट्यावरून मागे लोंबतं. पुढची टोकं कमरेशी खोचा, त्यांचे खिसे होतात. मागचा पदर डाव्या खांद्यावर पिनने अडकवा. पाऊस आला तर तोच डोक्यावरून घ्या, रात्री पांघरा.

सोडताना बक्कल काढलं की सगळं एकदम खाली येतं. शर्ट लांब का, ते आता कळलं असेल.