जुन्या सायकलला थ्रेडलेस हेडसेट बसवताना

हेडसेट म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा ज्यावर फिरतो, तो वाट्या आणि बेअरिंगचा संच. जुन्या सायकलचं हँडल चिमट्याच्या नळीत आत उतरतं आणि वरचा चेकनट बॉल रेस (बॉल ज्यावर फिरतात ती कडी) आवळून धरतो. थ्रेडलेसमध्ये नळीला आटेच नसतात, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) तिला बाहेरून पकडतं. त्यामुळे चिमटा बदलावाच लागतो. जुन्या नळीचे आटे कानशीने घासून त्यावर स्टेम आवळणं जिवाशी खेळ आहे. आट्यांपाशी पत्रा आधीच पातळ असतो, एखाद्या खड्ड्यात नळी तिथेच तुटते.

नुसतं नवं स्टेम आणि हँडल हवं असेल, तर अडॅप्टर घ्या. त्याचा २२.२ मिमीचा दांडा जुन्या नळीत जातो, वर २८.६ मिमीचं टोक मिळतं. दांड्यावरची कमीत कमी खोलीची रेघ नळीत पूर्ण बुडालीच पाहिजे. सळईच्या ब्रेकच्या दांडीच्या सायकलला मात्र यातलं काहीच करू नका. तिचे ब्रेक हँडलशीच जोडलेले असतात.

बेळगाव-खानापूरकडच्या पावसात भिजलेल्या सायकलचं हँडल बहुधा गंजून अडकलेलं असतं. वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकूड ठेवा आणि हातोडीने ठोका, म्हणजे आतली पाचर सुटेल. तरी हलत नसेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा.

पूर्ण बदल करायचा असेल तर खरेदीआधी मापं घ्यायला व्हर्नियर हातात घ्या. १ इंची हेड पाइपमध्ये (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत) वाटी ३०.२ मिमीची आणि चिमट्यावरची खालची रेस २६.४ मिमीची असते. जपानी मापात हेच आकडे ३०.० आणि २७.० आहेत. चिमट्याची बैठक (रेस बसते ती जागा) २७.० आणि रेस २६.४ निघाली, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला लेथवाला बैठक उतरवून देईल. उलट झालं तर रेस सैल फिरेल, तिथे दुसरा हेडसेट घेणंच बरं. वाटी ३४ मिमीची असेल तर तुमचं काम सोपं आहे, १ १/८ इंची, म्हणजे २८.६ मिमी नळीचा चिमटा सरळ बसतो.

वाट्या आतून सळई लावून, समोरासमोरच्या बाजूंना आलटूनपालटून ठोकून काढा. नव्या मात्र ठोकू नका. लांब आट्यांची सळई, दोन नट आणि जाड वॉशर लावून हळूहळू आत ओढा. वाटी तिरकी चालली की लगेच थांबा, हेड पाइप एकदा लांबट झाला तर वाटी पुन्हा घट्ट बसत नाही.

नळी कापण्याचा हिशोब असा: हेड पाइप १४०, हेडसेटची उंची ३३, स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) २०, स्टेम ४०, एकूण २३३. त्यातून ३ वजा करून २३० मिमीवर कापा. हे ३ मिमी सोडले नाहीत तर स्टेमवरची टोपी नळीवरच टेकते आणि रेस कितीही आवळली तरी खुळखुळत राहते. पहिल्यांदा करत असाल तर १० मिमी जास्तच ठेवा. कमी कापलेली नळी पुन्हा कापता येते, जास्त कापलेली वाया जाते. स्टारनट (टोपीचा बोल्ट ज्यात आवळतो तो नट) नळीच्या तोंडापासून १५ मिमी खाली, सरळ ठोका.

आवळण्याचा क्रम चुकवू नका. स्टेमचे बोल्ट सैल ठेवून आधी टोपीचा बोल्ट हलकेच फिरवा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकला, एक बोट वरच्या वाटीवर ठेवा. खटका जाणवेनासा झाला आणि हँडल अडखळत नसेल तर थांबा. मग हँडल चाकाशी सरळ करून स्टेमचे बोल्ट थोडेथोडे, आलटूनपालटून, ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. हँडलला पकडून ठेवतं ते स्टेम, टोपी नाही. म्हणून रेस सैल वाटली की आधी स्टेम सैल करायचं, मगच टोपीला हात लावायचा. साधारण ५० किलोमीटरनंतर वाट्या बैठकीत आणखी आत बसतात, तेव्हा खटका पुन्हा तपासा.