इंग्रजीतल्या ‘रन’ला तुर्कीत काय म्हणतात? नेमका शब्द असा शोधा

तुर्की शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की अमुक इंग्रजी शब्दाला तुर्कीत काय म्हणायचं, आणि तो शब्द ‘रन’ असेल तर या प्रश्नाला एक उत्तर मिळूच शकत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी ‘रन’च्या फक्त क्रियापदाचेच ६४५ अर्थ मोजलेत. तुर्कीत ते सगळे एका शब्दात मावत नाहीत, वेगवेगळ्या क्रियापदांत वाटले जातात. आता चांगली गोष्ट अशी, की मराठीतही ते वाटलेलेच आहेत आणि बऱ्याच ठिकाणी वाटणी अगदी तुर्कीसारखीच आहे, म्हणून माझं ठाम मत आहे की मराठी माणसाने तुर्की शिकताना इंग्रजीतून वळसा घालून जाऊच नये.

पायरी १: डिक्शनरी उघडायच्या आधी वाक्य मराठीत म्हणा. माणूस धावतो, मशीन चालतं, नाक वाहतं, दूध संपतं. इंग्रजीत चारही जागी ‘रन’ येतो, पण तुम्ही मराठीत म्हणालात की अर्थ आपोआप वेगळे होतात. आता तुर्की बघा: धावणं म्हणजे कोश्माक, मशीन चालणं म्हणजे चालश्माक, वाहणं म्हणजे आक्माक आणि संपणं म्हणजे बित्मेक. नाक वाहतंय हे ‘बुर्नुम आकयोर’, दूध संपलं हे ‘स्युत बित्ती’, आणि मोबाइलची बॅटरी संपली की तिकडे सर्रास ‘शार्झम बित्ती’ म्हणतात, म्हणजे माझं चार्जिंग संपलं. किती जवळचं आहे ना हे आपल्या बोलण्याला!

(उच्चाराबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. तुर्कीत ठिपका नसलेला एक ‘आय’ आहे, त्याचा आवाज अ आणि इ यांच्या मधला, मी तो इथे ‘अ’सारखा लिहिलाय आणि शब्दाच्या शेवटी आला तर ऽ टाकलाय. शोधताना मात्र खरं तुर्की स्पेलिंगच लागतं, तेव्हा फोनमध्ये तुर्की कीबोर्ड आधीच टाकून ठेवा, ठिपका चुकला की शब्दच बदलतो.)

पायरी २: चालतंय की कोणी चालवतंय, ते ठरवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग वाक्य फसतं. इंग्रजीत प्रोग्रॅम रन होतो आणि आपण प्रोग्रॅम रन करतो, शब्द तोच. मराठीत चालणे-चालवणे, बसणे-बसवणे असं मधे ‘व’ घालून आपण काम भागवतो, तुर्कीतही अगदी तसाच एक तुकडा मधे घालतात: चालश्माक म्हणजे चालणे, चालश्तर्माक म्हणजे चालवणे. तुर्की विंडोजमध्ये ‘रन’च्या जागी ‘चालश्तर’ लिहिलेलं असतं ते यामुळेच. दुकान किंवा हॉटेल चालवायचं असेल तर शब्द वेगळा, इश्लेत्मेक, आणि देश किंवा संस्था चालवायची असेल तर योनेत्मेक.

चालश्माक इथेच संपत नाही. नोकरी करणं, अभ्यास करणं हेही चालश्माकच, म्हणजे ‘त्युर्कचे चालशयोरुम’ म्हणजे मी तुर्कीचा अभ्यास करतेय, आणि दुसऱ्या क्रियापदाला जोडला की तोच शब्द ‘प्रयत्न करणं’ होतो. म्हणजे हा सगळा गुंता एकतर्फी नाहीच, तुर्की शब्दांचेही स्वतःचे फाटे आहेत.

पायरी ३: शब्दासोबत त्याची विभक्तीही लिहून घ्या. नुसतं क्रियापद पाठ करून उपयोग नाही. पळून जाणं म्हणजे काच्माक, आणि ज्याच्यापासून पळायचं त्याला ‘देन’ किंवा ‘तेन’ लागतो, कोपेकतेन काच्माक म्हणजे कुत्र्यापासून पळणं, इथे आपलं ‘पासून’ नीट बसतं. पण अचानक कोणी भेटणं (इंग्रजीत ‘रन इंटू’), म्हणजे रास्तलामाक, तिथे सांभाळा. आपण म्हणतो ‘मला मित्र भेटला’, ‘ला’ माझ्याकडे येतो, तुर्कीत तो मित्राकडे जातो: ‘आर्कादाशमा रास्तलादम’. निवडणुकीला उभं राहणं, इंग्रजीत तेही ‘रन’च, म्हणजे आदाय ओल्माक, शब्दशः उमेदवार होणं, यात धावण्याचा काही संबंधच नाही, आणि ज्या पदासाठी उभं राहायचं त्याला पुन्हा तो ‘ला’सारखा प्रत्यय.

काच्माकवर जरा थांबा, कारण हा शब्द खूप सुंदर वापरला जातो. पायातल्या लांब मोज्याचा धागा सुटून रेघ पडते ना, इंग्रजीत त्यालाही ‘रन’ म्हणतात, तुर्कीत म्हणतात ‘चोराबम काच्तऽ’, माझा मोजा पळाला! आणि झोप उडाली हे ‘उय्कुम काच्तऽ’, झोप पळाली.

पायरी ४: मिळालेला शब्द उलटा तपासा. तुरेंगसारख्या इंग्रजी-तुर्की साइटवर ‘रन’ टाकलं की भली मोठी यादी येते, त्यातला पहिलाच शब्द उचलू नका. शेजारी विषय लिहिलेला असतो, कॉम्प्युटर, व्यापार, बोलीभाषा वगैरे, तो बघून दोन-तीन शब्द निवडा आणि मग ते तुर्कीतून तुर्कीत बघा. त्यासाठी त्युर्क दिल कुरुमु, म्हणजे १९३२ साली स्थापन झालेली तुर्की भाषा संस्था, तिचा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे. अर्थासोबत उदाहरणाची वाक्यंही असतात, सुरुवातीला सगळं कळणार नाही पण त्या शब्दाच्या आजूबाजूला कोण येतं, माणूस, पाणी की मशीन, एवढं कळलं तरी पुरे.

पायरी ५: खऱ्या वापरात शोधा. तुर्की बातम्या, पाट्या, नोटिसा वाचा. इस्तंबूलमध्ये लोदोस नावाचा दक्षिणेकडचा वारा जोरात सुटला की बोटी बंद होतात, आणि बातमीत येतं ‘वापुर सेफेर्लेरी इप्ताल’, बोटींच्या फेऱ्या रद्द. इंग्रजीत बोटी ‘रन’ होत नाहीयेत, तुर्कीत ‘सेफेर’ रद्द आहेत, आणि हा सेफेर म्हणजे आपली सफर, दोघांनी अरबीतूनच घेतलेली. तसंच ‘इन द लाँग रन’ला तुर्कीत ‘उझुन वादेदे’, त्यातला वादे म्हणजे आपला वायदा, वायदे बाजारातला. असे शब्द दिसले की थांबून बघाच, मराठी वाचकाला ही आयती मदत आहे, फक्त अर्थ थोडा सरकलेला असू शकतो म्हणून पायरी ४ तिथेही करायची. आणि कोशु, म्हणजे धावण्याची नाम म्हणून येणारी बाजू, ती पाहायची तर नोव्हेंबरात इस्तंबूल मॅरेथॉनच्या बातम्या वाचा. १९७९ पासून चालू असलेली ही शर्यत आशियातून पुलावरून युरोपात जाते आणि हौशी लोकांसाठी वेगळी ‘हाल्क कोशुसु’ असते.

पायरी ६: वहीत शब्द नको, वाक्य लिहा. ‘रन = कोश्माक’ अशी नोंद खोडून टाका. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे तुर्की, एका अर्थाला एक वाक्य, इंग्रजी कुठेच नाही. सुरुवात करायला इदारे एत्मेक घ्या. कारभार चालवणं हा त्याचा अर्थ, पण आहे त्यात भागवून घेणं, चालवून घेणं हाही त्याचाच. साखर कमी आहे, चालेल? ‘इदारे एदेरिझ’, घेऊ चालवून. सिनेमा कसा होता? ‘इदारे एदेर’, चालतो, ठीक आहे.