आप्पांची फ्लॉपी: जुना मराठी मजकूर परत वाचता करायची रीत

2001 च्या पावसाळ्यात मी आणि आप्पा आठवड्यातून दोनदा बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत जायचो. तासाला 30 रुपये. प्लायवूडच्या आडोशात एकच खुर्ची, तिच्यावर आप्पा, शेजारी स्टुलावर मी. ते सांगायचे, मी टाइप करायची. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, कणकुंबीकडून येणारी मलप्रभा, भाताची लावणी, आजीचं बाळंतपण. सगळं मेलने मस्कतला दादाकडे जायचं आणि एक प्रत फ्लॉपीवर, म्हणजे तेव्हाच्या फाइली साठवायच्या चौकोनी डिस्कवर, राहायची. कॅफेतला कन्नड मुलगा "अक्का, टाइम आयतु" म्हणायचा, पण आप्पा वाक्याच्या मध्यात असले की दहा मिनिटं तसाच थांबायचा. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

आप्पा आता नाहीत. फ्लॉपी कपाटात होती, ती मागच्या वर्षी बाहेर काढली. त्यातलं सगळं परत मिळालं, म्हणून कसं ते सांगते. आपल्या भागातलं पुष्कळसं मराठी लिहिणं असंच कुणाच्या तरी कपाटात पडून आहे आणि ते आणखी फार वर्षं टिकणार नाही.

फ्लॉपी लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. आपल्याकडचा पाऊस आणि ओल तुम्हाला माहीत आहे. पत्र्याची झडप हलकेच सरकवून आतली काळी चकती उजेडात बघा. पांढरे, बुरशीचे डाग दिसले तर ती घालायची नाही, जाणकाराकडूनच साफ करून घ्यायची. चकती स्वच्छ असेल तर कोपऱ्यातली बारीक खिट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की फ्लॉपीवर नवीन काही लिहिलं जात नाही, चुकून पुसलंही जात नाही. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून विकत मिळतो. "फॉरमॅट करायचं का?" असं कॉम्प्युटरने विचारलं तर उत्तर एकच: नाही. ड्राइव्ह बदलून बघा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा, पण हो म्हणू नका. उघडली की आधी सगळ्या फाइली कॉपी करून घ्या आणि फ्लॉपी बाजूला ठेवा. सगळा मिळून 1.44 एमबीचा तर ऐवज, मिनिटाभराचं काम.

आता फाइल उघडेल आणि तुमचा जीव खाली जाईल. मराठीचं एक अक्षर नाही, रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची नुसती खिचडी. घाबरू नका, मजकूर बिघडलेला नाही. कॅफेतल्या विंडोज 98 मध्ये देवनागरीची सोय नव्हती, म्हणून तेव्हाचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवायचे. फाइलीत रोमनच साठलं, डोळ्यांना मराठी दिसलं. फाँट गेला की चित्रं गेली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ठरवलेल्या एकाच सामायिक पद्धतीत, देवनागरी 1991 पासूनच आहे, पण आमच्या कॅफेपर्यंत ती यायला बरीच वर्षं लागली.

म्हणून आधी फाँटचं नाव शोधा. फाइल लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा (जुन्या वर्डच्या फाइली त्यात उघडतात, छपाईची पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलेल्या पेजमेकरच्याही बऱ्याचदा उघडतात), कर्सर मजकुरात ठेवा आणि वर फाँटच्या चौकटीत काय लिहिलंय ते बघा. फाँट कॉम्प्युटरमध्ये नसला तरी नाव तिथे दिसतं, तिरप्या अक्षरांत. शिवाजी, किरण, श्रीलिपीतला एखादा, काहीही असेल. या टप्प्यावर फाँट बदलून फाइल सेव्ह करू नका, नाहीतर नाव पुसलं जाईल आणि माग संपेल.

फाँटची फाइल कुठे मिळेल? मला ती आमच्याच घरच्या मेलमध्ये मिळाली. दादाला पहिला मेल गेला तेव्हा त्याने मस्कतहून फोन केला, काहीच वाचता येत नाही म्हणून. मग आम्ही फाँटच मेलला जोडून पाठवला. तेव्हा सगळे तेच करायचे. हॉटमेलमध्ये जेमतेम 2 एमबी जागा असायची, त्यामुळे दादा मेल सीडीवर उतरवून ठेवायचा. त्या सीडीवर फाँटची फाइल (नावाच्या शेवटी टीटीएफ असलेली) होती. तुम्हीही घरच्यांच्या जुन्या सीडी आणि जुनी मेलखाती आधी बघा. मात्र वर्षभर न उघडलेल्या खात्यातले मेल याहूसारख्या कंपन्या पुसून टाकतात, तेव्हा जे खातं अजून उघडतंय ते आजच उघडा.

फाँट घातला की मजकूर जसा होता तसा दिसतो. मला आप्पांचं पहिलं वाक्य दिसलं आणि त्या दिवशी पुढे काम झालं नाही. तुमचं झालं तर त्या रूपाची पीडीएफ करून ठेवा, पुढे ती लागते.

मग मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, म्हणजे तो जुन्या फाँटशिवायही वाचता येतो. ते काम कन्व्हर्टर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. प्रत्येक फाँटचा कन्व्हर्टर वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आधी एकच ओळ घालून बघा. मी ही घातली: "दुसऱ्या वर्षी मिरगाचा पाऊस वेळेवर आला." बाहेर आलं: "दुसर्या वषीर् िमरगाचा पाऊस वेळेवर आला." तिन्ही चुका नेहमीच्या आहेत. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते, म्हणून ती 'मि'च्या पुढे लोंबकळते. रफार तेव्हा शेवटी यायचा, आता 'र्' आधी लागतो, म्हणून 'वर्षी'चं 'वषीर्'. आणि 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरला कळतच नाही. पहिल्या दोन चुका बऱ्याचशा फाइंड-रिप्लेसने जातात. 'ऱ्या' मात्र एकेक तपासा, कारण 'सूर्या' बरोबर आहे आणि 'दुसर्या' चूक.

रोमनमध्ये लिहिलेल्या मराठी मेलना कन्व्हर्टरचा उपयोग नाही. के-ए-एल म्हणजे काल, काळ की कळ, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. दादाला फोनवर वाचून दाखवत मी ते उतरवले.

गावाचं, देवळाचं पान कुणी जिओसिटीजवर (तिथे तेव्हा फुकट वेबपानं करता यायची) केलं असेल तर ती सेवा 26 ऑक्टोबर 2009 ला बंद झाली, पण जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर बरीच पानं आहेत. नेमका पत्ता लागतो, तो जुन्या मेलच्या तळाशी किंवा लग्नपत्रिकेवर सापडतो. शोधताना गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग घाला. 'बेळगावी' हे नाव सरकारदरबारी 1 नोव्हेंबर 2014 ला आलं, त्याआधीच्या पानांवर ते नसणार.

शेवटी पीडीएफ शेजारी ठेवून सगळं मोठ्याने वाचा, आणि गावातलं वडीलधारं माणूस जवळ बसवा. स्पेलचेक बंद ठेवा. माझ्याकडे त्याने 'तरवा'चा 'तळवा' केला होता. मी दोनदा वाचून पुढे गेले. आत्या भाजी निवडत ऐकत होती, ती म्हणाली, "तळवा कसला गं? तरवा. रोपाचा."