स्वतःचं डोकं भादरण्याआधी

साबण, ब्रश, टॉवेल, दोन आरसे हे कोणीही गोळा करेल. तुरटीचा खडा मात्र ओला करून हाताशी ठेवा, रक्त आल्यावर कपाटं उघडत बसू नका. आणि या सगळ्याच्या आधी, डोकं कोरडं असताना, दहाही बोटांनी ते चाचपा. मागच्या वेळी मी नेमकं हेच केलं नाही. माझ्या उजव्या कानामागे, दोन बोटं वर, मसुराएवढा मस आहे. जन्मभर केसांखाली राहिल्यामुळे मला त्याचा पत्ताच नव्हता. फेसाखाली मला तो दिसला नाही, ब्लेडला सापडला. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे एवढ्याशा जखमेनं टॉवेल भिजला. तुरटी पुरली नाही. स्वच्छ रुमाल पंधरा-वीस मिनिटं दाबून धरला तेव्हा कुठे थांबलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नका.

ट्रिमर शून्यावर ठेवून आधी केस काढा, नाहीतर रेझर तुंबतो. केस गेले की पुन्हा चाचपा. हो, पुन्हा. मस, चामखीळ, जुनी खोक, जे लागेल त्याची जागा लक्षात ठेवा आणि घरातल्या कोणाकडून डोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून घ्या. त्याच फोटोत भोवरा बघा. केस तिथून गोल फिरत बाहेर जातात, तेव्हा पहिला हात भोवऱ्यापासून बाहेरच्या दिशेनं. मानेवर काहींचे केस वर चढतात. बोट उलटसुलट फिरवलं की कळतं.

रेझर म्हणजे सुटं ब्लेड बसवायचा सेफ्टी रेझर; पात्याखालची पट्टी दातेरी नको, सरळ असलेला घ्या. ब्लेड कोरं, आणि बसवताना त्याच्या आखूड बाजूंनीच धरा. रेझरचं डोकं आधी कातडीवर सपाट टेका, मग पातं केसाला लागेपर्यंत दांडा हळूहळू खाली आणा. साधारण ३० अंश. दाब अजिबात द्यायचा नाही, रेझरचं वजन पुरतं. १९०४ मध्ये किंग जिलेट यांना अशा रेझरचं पेटंट मिळालं तेव्हापासून तत्त्व तेच आहे: पातळ पातं दोन तुकड्यांत आवळलेलं, फक्त धार बाहेर, खाली पट्टी. ती पट्टी सपाट कातडीला सांभाळते, उंचवट्याला नाही. म्हणून म्हणतो, चाचपा!

कोमट पाण्यानं डोकं दोन-तीन मिनिटं भिजवा, पंखा बंद करा, फेस वाळू देऊ नका. हात आखूड, इंचभराचे. कान दुमडून धरा. मागची बाजू करताना हनुवटी छातीला लावा, कातडी ताणली जाते. मस असेल तिथे रेझर नेऊच नका, चार केस राहिले तर राहू देत.

दुसरा हात फिरवण्याआधी डोक्याला नवा फेस लावा आणि रेझर केसांना आडवा फिरवा; उलटा, पहिल्याच दिवशी, नाही. गार पाणी, तुरटी, थोडं खोबरेल. दुसऱ्या दिवशी उन्हात टोपी. वापरलेलं ब्लेड झाकणाच्या डब्यात, कचऱ्यात उघडं नाही.