सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) पेशंटची बिडी-सिगारेट वॉर्डात कशी नोंदवायची

केस पेपरवर "स्मोकर: हो/नाही" एवढं टिक करून पुढे जाऊ नका, त्याचा काडीचा उपयोग नाही. बाबा "नाही ओढत" म्हणतात आणि ते खरंही असतं, कारण दम लागतोय म्हणून चार दिवस टपरीपर्यंत जाताच आलेलं नाही. त्यापेक्षा "बाबा, शेवटची बिडी कधी ओढली?" असं विचारा आणि उत्तर तारखेसकट लिहा. त्याआधी मुलगा-सून बाजूला असतील तर त्यांना चहाला पाठवा, घरच्यांसमोर सगळ्यांनीच सोडलेली असते.

सिगारेटचा हिशोब पॅक इयरमध्ये, म्हणजे रोजच्या सिगारेटी भागिले 20, गुणिले वर्षं. बिडी सिगारेटमध्ये बदलत बसू नका, रोजच्या बिड्या गुणिले वर्षं असा स्मोकिंग इंडेक्स काढा, 20 बिड्या 30 वर्षं म्हणजे 600. तंबाखू-मिशरीला वेगळा रकाना. आज्यांना तर हे कुणी विचारतच नाही, त्यांना मिशरी आणि चूल दोन्ही विचारा.

श्वासातला कार्बन मोनॉक्साईड मोजायचं मशीन असेल तर साधारण 10 पीपीएमच्या वर रीडिंग म्हणजे बहुतेक हल्लीच ओढलीय, पण चुलीच्या धुरानेही ते वाढतं आणि ऑक्सिजन चालू असेल तर भराभर उतरतं, म्हणून वेळ आणि ऑक्सिजन होता का हे शेजारीच लिहा. लघवीतलं कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) काही दिवस मागचं दाखवतं खरं, पण मिशरी लावणारी आजी आणि निकोटिन गम खाणारे काकाही त्यात पॉझिटिव्हच येणार.

ॲडमिट असताना रोज एकदा विचारा. हाताला सुई तशीच आणि पेशंट मागच्या जिन्यात बिडी पेटवतोय हे काही नवीन नाही, वॉर्डातल्या मामांना सगळं माहीत असतं, त्यांना विचारा. ओरडू नका मात्र, एकदा ओरडलात की पुढची सगळी उत्तरं खोटी. काडेपेटी तेवढी काढून घ्या, ऑक्सिजनजवळ खरंच भडका उडतो.

आणि ही नोंद डॉक्टरांना दिसेल अशी ठेवा, कारण डेरिफायलिन (श्वासनलिका मोकळ्या करणारं, थिओफायलिन असलेलं औषध) चालू असताना बिडी अचानक बंद झाली की रक्तातली थिओफायलिनची पातळी चढते, मग मळमळ, धडधड सुरू होते आणि डोस कमी करावा लागू शकतो.

डिस्चार्ज कार्डवर सोडल्याची तारीख आणि क्विटलाईनचा (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) 1800-11-2356 हा नंबर लिहा. महिन्याने फोन कराल तेव्हा पेशंटलाच द्यायला सांगा, मुलगा "बंद आहे सगळं" म्हणाला तर ते "मुलाने सांगितलं" असंच लिहा.