परदेशातून पिल्ले किंवा उबवणीची अंडी मागवताना: थंडीच्या हंगामासाठी सल्ला

रानबदकांचे थवे स्थलांतराला निघाले की बर्ड फ्लूच्या बातम्या येऊ लागतात, आणि त्यांच्यामागोमाग आयातबंदीचे आदेश. थंड, ओलसर हवेत हा विषाणू विष्ठेत आणि साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो. कडक उन्हात लवकर मरतो. या हंगामात बाहेरच्या देशातून पिल्ले, पेरेंट पक्षी (उबवणीची अंडी देणारा प्रजननाचा कळप) किंवा उबवणीची अंडी घ्यायची असतील, तर आगाऊ रक्कम भरण्याआधीच पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

हल्ली बंदी बऱ्याचदा सबंध देशावर न घालता रोग सापडलेल्या विभागापुरती घालतात. म्हणून पुरवठादाराच्या देशाचे नाव पुरेसे नाही. पेरेंट फार्म कोणत्या जिल्ह्यात आहे आणि हॅचरी (अंडी उबवून पिल्ले काढण्याचे केंद्र) कोणत्या, हे दोन्ही लेखी घ्या. ती दोन ठिकाणे निराळ्या विभागांत असतील तर कोणत्याही एकावर बंदी आली तरी माल अडकतो.

तारखांचा घोळ सर्वांत महागात पडतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत घातक बर्ड फ्लूचा अधिशयन काळ (लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) 14 दिवस आणि राणीखेतचा (मानमोडीचा, हाही पक्ष्यांचा विषाणूजन्य रोग) 21 दिवस धरला आहे. म्हणजे आज रोग उघड झाला, तर गेल्या दोन-तीन आठवड्यांत घातलेली अंडीही संशयित ठरतात आणि वाटेतला माल परत पाठवला किंवा नष्ट केला जाऊ शकतो. यासाठी खोक्यावर पॅकिंगची नव्हे, अंडी घातल्याची तारीख हवी. असा माल अडला तर नुकसान कोणी सोसायचे, हे करारात आधीच लिहून घ्या. रोगट कळप नष्ट करून निर्जंतुकीकरण झाल्यावर, त्या संहितेनुसार, किमान 28 दिवसांनी बर्ड फ्लूमुक्त दर्जा परत मिळू शकतो. पण आयात करणारा देश लगेच दार उघडेलच असे नाही. त्या 28 दिवसांवर विसंबून इन्क्युबेटरचे वेळापत्रक लावू नका.

आरोग्य दाखल्यावर नुसते ‘पक्ष्यांत लक्षणे नाहीत’ असे असेल तर तो कागद फारसा कामाचा नाही. बदके बर्ड फ्लूचा विषाणू अंगात बाळगूनही ठणठणीत दिसू शकतात. चाचणी कोणती केली, कोणत्या तारखेला आणि किती पक्ष्यांवर, हे विचारा. मोठ्या कळपात 5 टक्के पक्षी बाधित असतील तर त्यातला एक तरी 95 टक्के खात्रीने सापडायला साधारण 60 नमुने लागतात. दहा-बारा नमुन्यांवर ‘निगेटिव्ह’ म्हणणे धाडसाचे आहे.

लसीकरणाचाही प्रश्न येतो. फ्रान्सने ऑक्टोबर 2023 पासून बदकांना बर्ड फ्लूची लस द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेने तिथल्या पोल्ट्री मालावर निर्बंध घातले. लस घेतलेला पक्षी मरत नाही, पण विषाणू सोडत राहू शकतो, आणि साध्या अँटिबॉडी (रक्तातली प्रतिपिंडे) चाचणीत लस व संसर्ग यांतला फरक कळेलच असे नाही. अशा कळपासाठी पीसीआर (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) अहवाल मागा.

शोभेच्या पक्ष्यांबाबत तर जराही सवलत देऊ नये. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात आलेल्या राणीखेतच्या साथीचा माग आयात केलेल्या पाळीव पक्ष्यांपर्यंत लागला. त्या साथीत सुमारे 1 कोटी 20 लाख पक्षी मारावे लागले. काही पोपट तर लक्षणांविना वर्षभराहून अधिक काळ हा विषाणू सोडत राहतात. ऑक्टोबर 2004 मध्ये थायलंडहून हातातल्या सामानात लपवून आणलेले दोन गरुड ब्रसेल्स विमानतळावर पकडले गेले. दोन्हींत एच5एन1 हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. बिनकागदी पक्षी स्वस्त मिळाला तरी फार्मवर आणू नका.

उबवणीची अंडी जिवंत पक्ष्यांपेक्षा कमी धोक्याची असतात, पण निर्धोक नव्हेत. पुलोरम (पिल्लांना मारक हगवण) आणि मायकोप्लाझ्मा (श्वसनाचा जुनाट रोग) यांचे जंतू आईकडून थेट अंड्यात उतरतात. कवचावरच्या जंतूंसाठी, जिथे परवानगी असेल तिथे, धुरी द्यावी: 100 घनफूट जागेला 60 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि 120 मिली फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचे द्रावण), 20 मिनिटे, 25 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि 70 टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत. खोलगट मातीच्या किंवा एनॅमलच्या भांड्यात आधी परमँगनेट ठेवा, त्यावर फॉर्मेलिन ओता आणि लगेच बाहेर पडा. मिश्रण उसळते आणि वाफ डोळ्यांना, फुप्फुसांना घातक असते, म्हणून मास्क व चष्मा लावूनच काम करा. अंडी मशीनमध्ये घातल्यानंतर 24 ते 96 तासांत धुरी दिली तर भ्रूण मरतात. अंड्याच्या आत शिरलेल्या जंतूंवर धुरीचा उपयोग नाही. मळलेली, तडकलेली अंडी आधीच काढून टाका, आणि आलेले पुठ्ठ्याचे ट्रे जाळा.

सरकारी विलगीकरण पार पडले तरी नवे पक्षी फार्मवर वेगळ्या शेडमध्ये आणखी 30 दिवस ठेवा. त्यासाठी माणूसही वेगळा हवा. ते शक्य नसेल तर आधी जुन्या कळपाचे काम, शेवटी नव्यांचे. उलट क्रमाने कधीच नाही. शेडच्या दाराशी बूट आणि कपडे बदला. पाय बुडवायच्या जंतुनाशकात चिखल, विष्ठा गेली की ते निकामी होते, म्हणून बूट आधी ब्रशने घासून धुवा. तळ्याचे पाणी पाजू नका. पक्षी पाणी पितात त्या निपलपाशी 2 ते 3 पीपीएम (लिटरला 2 ते 3 मिलिग्रॅम) क्लोरीन मिळाले पाहिजे.

नव्या पक्ष्यांत लस न दिलेल्या काही स्थानिक कोंबड्या सोडा. बाहेरून निरोगी दिसणारा वाहक पक्षी अशा कोंबड्या आजारी पडल्यावरच उघडा पडतो. विलगीकरणाच्या या 30 दिवसांत राणीखेतची जिवंत लस देऊ नका. ती या कोंबड्यांत पसरते आणि पीसीआरचा निकाल गढूळ करते. रोज पाण्याची नोंद ठेवा, कारण मर सुरू होण्याआधी पाणी पिणे घटते.

तुरा निळसर पडणे, डोके सुजणे, हिरवट हगवण, मान मुरगळणे किंवा अचानक मर दिसली तर मेलेला पक्षी फार्मवर फाडून पाहू नका. पक्षी, अंडी, खत, गाडी, काहीही फार्मबाहेर जाऊ न देता त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकाला कळवा. श्वासनलिका आणि विष्ठामार्गाचे स्वॅब त्यांनाच घेऊ द्या. ते कृत्रिम धाग्याच्या स्वॅबवर, नमुन्यातला विषाणू टिकवणाऱ्या द्रावणात आणि 4 अंशांवर गेले पाहिजेत. लाकडी काडीच्या स्वॅबमुळे पीसीआर चुकू शकतो.