पुराआधी दुकान कसं सावरावं: फुटांच्या हिशोबाने

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात कोल्हापुरातली पोरंसोरंही हे आकडे सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. तरीही बहुतेक दुकानदार ४३ ची वाट बघत बसतात. तोवर टेम्पो मिळत नाही, आणि कामगार स्वतःचं घर आवरायला गेलेले असतात.

म्हणून आधी आपला आकडा काढा. बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या गल्लीत पाणी शिरलं होतं, ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा. त्यातून चार फूट वजा करा. हलवाहलव तिथेच सुरू करायची. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, तर आकड्यासाठीही थांबू नका.

मग एका कागदावर तक्ता लिहा. समजा, तुमच्याकडे ४२ ला पाणी येतं. तर ३८ ला टेम्पो सांगायचा आणि खालच्या रॅकचा माल माळ्यावर चढवायचा. ३९ ला कॉम्प्युटर, बिलबुकं, उधारीची वही घरी. ४० ला मेन स्विच बंद करून शटर ओढायचं. प्रत्येक कामासमोर माणसाचं नाव हवं. मालक लग्नाला पुण्यात आणि किल्ली त्याच्याच खिशात, असं होता कामा नये. तक्ता मोबाइलमध्ये नको, भिंतीवर लावा.

हिशोबाचं तर विचारूच नका. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह गल्ल्यात, आणि गल्ला पाण्यात! तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर किंवा क्लाउडवर. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून कालचं बिल दिसतंय का ते बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा तरी भरवसा नाही.

विम्याची पॉलिसी मे महिन्यातच काढून वाचा. पुराचं संरक्षण आहे ना? मालाची रक्कम खरी आहे ना? गणपतीच्या तोंडावर माल दुप्पट असतो आणि पॉलिसीत आकडा उन्हाळ्यातला. रक्कम बरीच कमी दाखवली असेल, तर भरपाईलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. दुकान बंद राहिल्याने बुडालेला धंदा सहसा यात धरत नाहीत, त्याचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

२०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि शहरात दूध, पेट्रोलची टंचाई झाली. म्हणून पंचगंगा न ओलांडता माल देऊ शकेल असा एखादा पुरवठादार आधीच बोलून ठेवा.

पाणी ओसरल्यावर चिखल उपसायची घाई होते. त्याआधी विमा कंपनीला कळवा, प्रत्येक रॅकचे फोटो काढा, भिजलेला माल सर्व्हेअरने बघितल्याशिवाय फेकू नका. आणि वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावू नका.